बाई, कौशी आसनांनी गेली नाही

बाई,

परवा तुमची शोकसभा झाली. शाळेच्या पटांगणात सतरंज्या घातल्या होत्या. तुमचा फोटो कुणाकडे नव्हता, म्हणून तुमची खुर्ची मांडून तिलाच हार घातला. तुम्हाला हे आवडलं नसतं. भाषणं झाली. कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "ती एक चूक सोडली, तर द्वारकाबाईंच्या कामाला बोट ठेवायला जागा नाही." मोठ्या मनाने म्हणाले. बसलेल्यांनी माना हलवल्या. कोणती चूक, ते कुणी विचारलं नाही. इतवारीमागच्या गल्ल्यांत ते सगळ्यांना पाठ आहे. द्वारकाबाईंनी मुलींना आसनं शिकवली, डोक्यावर उभं केलं, आणि त्यात एक मुलगी गेली.

मी मागे पाण्याचे पेले घेऊन उभी होते. ऐकून घेतलं आणि पेले वाटले.

नव्या मोठ्या बाई तुमच्या आठवणींची एक लहान चोपडी छापणार आहेत. त्या मला म्हणाल्या, भागाबाई, तुम्ही त्यांच्याजवळ सगळ्यात जास्त दिवस होता, तुम्ही चार ओळी सांगा, मी लिहून घेते. मी म्हटलं, मला लिहिता येतं. चौथी पास आहे मी. ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही नीट करा, बाकी कशाला हात लावू नका. छापायचं तर सगळं छापा, नाहीतर कागद परत द्या. चार ओळींत हे बसणार नाही.

माझं काम तुम्हाला माहीत आहे, पण वाचणाऱ्याला सांगायला हवं. मी या शाळेची बोलावणारी बाई. मुली आपल्या पायाने शाळेत येत नाहीत. आया एकट्या सोडत नाहीत. म्हणून सकाळी मी घरोघर जाते, दारात उभी राहून हाका मारते, एकेक मुलगी गोळा करते आणि रांगेने शाळेत आणते. सुटल्यावर तशीच परत पोचवते. शाळेचा निरोप घरी न्यायचा आणि घरचा शाळेत आणायचा, हेही माझंच काम. कुठल्या घरात सून रडते आहे, कुठे चूल पेटली नाही, हे मला दारातूनच कळतं. मास्तरणीला कळत नाही. तुम्हालाही कळत नव्हतं, आणि ते कळावं म्हणूनच मी होते.

तुम्ही आलात तेव्हा मला फारशा आवडला नाहीत. काडीसारखं अंग, पांढरं लुगडं, आणि मान अशी ताठ की वाटे कुणी मागून दोरीने ओढून धरली आहे. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मधल्या खोलीतल्या बाकांना भिंतीला लावलंत आणि म्हणालात, इथे आसनं घ्यायची. रामटेकला तुमचे वडील वैद्य होते, लहानपणी तुमच्या दम्यावर त्यांनी हाच उपाय केला होता, असं तुम्ही मला तेव्हा सांगितलंत. सासरी बंद झाली, नवरा गेल्यावर माहेरी येऊन पुन्हा सुरू केली. मी विचारलं, पोरींना कुठे दमा आहे?

आपलं भांडण तिथून सुरू झालं ते कधी मिटलंच नाही. मी म्हणत होते, या पोरी पहाटे विहिरीचं पाणी भरतात, राखेने भांडी घासतात, धाकट्याला कडेवर घेऊन कंबर वाकडी करतात, त्यांना आणखी अंगमेहनत कशाला? तुम्ही म्हणालात, "भागाबाई, ते सगळं दुसऱ्यासाठी. दिवसातून अर्धा तास त्यांचं अंग त्यांचं असू द्या." मी म्हटलं, आणि ते स्वतःचं ठेवून त्यांनी करायचं काय? त्यावर तुम्ही मला दार-खिडक्या लावून घ्यायला सांगितलंत. तुमच्याकडे उत्तर होतं की नव्हतं, मला आजही ठाऊक नाही.

खिडक्या लावायच्या, म्हणजे गल्लीतून कुणी डोकावायला नको. परकराची कड घोट्याशी नाडीने बांधायची, म्हणजे पाय वर गेले तरी परकर खाली यायला नको. हे मी करत असे. एकदा तुम्ही मलाही बसवलंत पद्मासनात. माझा गुडघा अडकला आणि दोघी मुलींनी धरून पाय सोडवला. तुम्ही माझ्यासमोर हसला नाहीत. बाहेर ओसरीत जाऊन हसलात, ते मी ऐकलं.

आयांना तयार मीच केलं. तुमच्याने ते झालं नसतं. तुम्ही आरोग्य, श्वास, पाठीचा कणा असं बोलत होता, आणि त्यांना भीती वेगळीच होती. पोरगी उलटी उभी राहिली तर कोठा फिरेल, उद्या पोर राहणार नाही. मी दारोदार सांगितलं की बाईंचे वडील मोठे वैद्य, त्यांनी सांगून ठेवलंय, याने बाळंतपण सोपं जातं. तेव्हा कुठे परवानग्या मिळाल्या. तुमच्या कानावर आलं तेव्हा तुम्ही चिडलात. मी असं कधी म्हटलं, म्हणालात. मी म्हटलं, तुम्ही नाही म्हटलं, पण त्याशिवाय एकही मुलगी मिळाली नसती. तुम्ही गप्प बसलात. निरोप जसाच्या तसा न्यायचा नसतो, घर बघून कापायचा-जोडायचा असतो, असं मला वाटत होतं. त्यात मी हुशार आहे, अशी माझी समजूत होती. तुम्ही गप्प बसलात, म्हणून ती पक्की झाली.

आसनांचा फरक पडला, हे मी कबूल करते. परत पोचवताना मी रांगेच्या मागून चालते. दोन-तीन महिन्यांत पोरींच्या माना वर आल्या. एका बापाने मला थांबवून तक्रार केली की त्याची पोरगी हल्ली बोलताना सरळ तोंडाकडे बघते, हे शाळेत शिकवून राहिले का? मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही दिवसभर खुशीत होता.

मग होळी झाली आणि शाळा सकाळची झाली. नागपूरच्या उन्हात दुपारची शाळा कुणालाच झेपत नाही. आसनं पहिल्याच तासाला घ्यायची ठरली. तुम्ही मला समोर उभं करून निरोप पाठ करून घेतलात. आसनं करायची तर पोट रिकामं हवं, मुलीला सकाळी काही खायला घालू नका. पण आसनं झाली की लगेच पोटात काही जायला हवं, म्हणून सोबत भाकरी, फुटाणे, गूळ, असेल ते फडक्यात बांधून द्या. दोनदा म्हणून घेतलंत माझ्याकडून.

बाई, मी त्यातला अर्धाच निरोप नेला.

पहिल्या तीन घरी पूर्ण सांगितला. पहिल्या घरी म्हणाले, शाळेत बसून खाणार म्हणजे कुणाच्या शेजारी? दुसऱ्या घरी विचारलं, कोणाचा हात कोणाच्या भाकरीला लागणार ते तुम्ही बघणार का? तिसऱ्या घरची आजी म्हणाली, पोरगी शाळेत अन्न खाऊन आली तर तिला उंबऱ्यात घेणार नाही, अंघोळ घालूनच घेईन. मला अजून वीसेक दारं करायची होती. ऊन चढत होतं. मी मनाशी म्हटलं, शाळा साडेदहाला सुटते, पोरी घरी जाऊन जेवतील, एवढ्यासाठी कशाला वाद. चौथ्या दारापासून मी एवढंच सांगितलं, बाईंनी सांगितलंय, सकाळी पोरीला काही खायला देऊ नका.

पहिल्या आठवड्यातच तुम्ही मला विचारलंत, कुणाच्या हातात फडकं कसं दिसत नाही? मी म्हटलं, लोकांना शाळेत खाणं चालत नाही, घरी जाऊन जेवतात. तुम्ही जरा विचारात पडलात आणि बरं म्हणालात. तुम्हीही खोलात शिरला नाहीत. तेवढी चूक तुमची आहे, ती मी पुसून टाकत नाही. पण मी काय सांगून आले, ते तुम्हाला ठाऊक नव्हतं.

आयांनी इतक्या लवकर कसं ऐकलं, याचं तुम्हाला नवल वाटलं. बाकी एकही नियम त्या पाळत नव्हत्या. नखं कापत नव्हत्या, पाटी धुऊन देत नव्हत्या. हा नियम मात्र दुसऱ्या दिवसापासून घरोघर पाळला गेला. मला नवल वाटलं नाही. लढाईचे दिवस होते, धान्य महाग झालं होतं, आणि मुलीला खायला देऊ नका असं शाळाच सांगत होती. घरात तेच पाळायला सगळ्यात सोपं होतं. मुलांच्या शाळेत आसनं नव्हती. मुलांना न्याहारी चालू होती.

कौशी कोष्ट्याची पोर. तिच्या गल्लीत शिरलं की पूर्वी दोन्ही बाजूंनी मागांचा खटखटाट असे. माझी हाक ऐकू जायची नाही, दाराची कडी वाजवावी लागे. सूत मिळेनासं झालं आणि एकेक घर बंद पडलं. त्या उन्हाळ्यात मी तिच्या दारात नुसतं खाकरले तरी आतून ओ येई.

अकरा वर्षांची होती. तुमची सगळ्यात आवडती. इतर मुली भिंतीला पाय टेकवून डोक्यावर उभ्या राहत, ही खोलीच्या मध्यभागी उभी राही, आणि तुम्ही मनात अंक मोजत तिच्याकडे बघत राहायचात. डोळे मिटलेले, चेहरा शांत, पाय सरळ. तुम्ही मला म्हणालात, हिचं अंग बघा किती हलकं आहे. मी बघत होते. हलकं का आहे ते मला कळत होतं.

उपाशी माणसाच्या तोंडाला एक वास येतो. सडक्या फळासारखा, गोडसर. मी लहानपणी दुष्काळ पाहिला आहे, माझी दोन भावंडं त्यात गेली. तो वास मी विसरणार नाही. नाडी बांधायला मी खाली वाकत असे आणि ती काही बोलली की तो वास येई. एका सकाळच्या उपासाने असा येत नाही. बऱ्याच दिवसांचा लागतो.

शाळेत जाताना मी तिला रांगेतून मागे घेतलं आणि विचारलं, काल काय जेवली होती.

"कण्या."

"रातच्याले?"

"दुपारच्याले. रातच्याले दादायनं खाल्ल्या."

दोन थोरले भाऊ होते तिला. मी म्हटलं, आज बाईंना सांगते. ती थांबलीच. रांग पुढे गेली आणि आम्ही दोघी रस्त्यात उभ्या.

"नको सांगजो वं मावशी. मंग बाई मले आसन करू नाही देनार."

"भुकेली पोर कशाची आसनं करते?"

"डोक्यावर उभी राहिली का पोट वरते जाते. मंग भूक नाही लागत."

हे तिने मला समजावून सांगितलं. मला माहीत नसेल म्हणून.

मी नाही सांगितलं. कारण लिहिते. सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, घरून भाकरी का नाही आली? मग तुम्ही स्वतः दारोदार गेला असता, आणि प्रत्येक दारात आया म्हणाल्या असत्या, आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही. दुसरं कारण नाही. पोरीचं मन राखलं, असं मी काही वर्षं स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे. तिची विनवणी मला सोयीची होती.

चार-पाच वेळा मी तिला माझ्याकडचे फुटाणे दिले. हे लिहू नये, कारण त्याने काही होत नाही, पण झालं ते झालं. तिने खाल्ले नाहीत. आसनांआधी खायचं नाही ना, म्हणाली, आणि परकराच्या ओच्यात बांधले. घरी नेत असावी.

चैत्र संपत आला होता. त्या सकाळी आसनं नेहमीसारखी झाली. ती डोक्यावर उभी राहिली, सांगितल्यावर हळू खाली आली, गुडघे टेकून बसली, मग शवासनाला आडवी झाली. तुम्ही म्हणालात, उठा. सगळ्या उठल्या. ती उठली नाही. तुम्हाला वाटलं झोप लागली, आणि तुम्ही हसून म्हणालात, आमची कौशी बघा. मी तिच्या घोट्याची नाडी सोडायला वाकले तर पाय गार होता. मी तिला उचललं. बाई, मी तेव्हा साठीला टेकलेली होते आणि अकरा वर्षांची मुलगी मी एका हातावर उचलली.

ती तेव्हा गेली नव्हती. पाणी मारल्यावर डोळे उघडले. घरी पोचवली. त्याच दिवशी ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी संपली. त्या उन्हाळ्यात ताप सगळीकडेच होता, धडधाकट पोरं त्यातून उठत होती. तिच्यात उठायला काही नव्हतं.

गल्लीत एकच बोललं गेलं, रक्त डोक्यात उतरलं. बाप शाळेत आला. ओरडला नाही. तुमच्या टेबलापाशी उभा राहून म्हणाला, "बाई, माही पोरगी चांगली होती. तुमी तिले उलटी उभी केली." तुम्ही उभ्या राहून म्हणालात, हो. तेवढंच. तो निघून गेला. घरात काय शिजत होतं ते त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण मागावर हात चालत नसलेल्या माणसाला दुसरं काही कारण मिळालं तर तो ते घेणारच. मी त्याला दोष देत नाही.

मी त्याच्या घरी गेले होते. अंगणात शेजारणी बसल्या होत्या. कौशीची आई मला पाणी द्यायला आत घेऊन गेली आणि लोट्यात पाणी ओतता ओतता हळूच म्हणाली, "मावशी, तुमीच तं सांगून गेल्या होत्या, खायले नोका देऊ म्हनून."

मी पाणी प्यायले आणि निघाले.

कमिटी बसली. तुम्हाला विचारलं, तर तुम्ही एका दमात सांगून टाकलंत. चूक माझी, मुलींची प्रकृती बघून घ्यायला हवी होती, मी बघितली नाही, आजपासून आसनं बंद. कुणी आणखी विचारायच्या आत तुम्ही सगळं अंगावर घेतलंत. मी तेव्हाही पेले घेऊन उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. शाळेमागची खोली मला या नोकरीवर मिळालेली, नवरा नाही, मूल नाही, कुठे जाणार होते मी? तुम्ही बोलून झाल्यावर तुमच्यापुढे पेला धरला.

बाक पुन्हा खोलीच्या मध्ये आले. तुम्हाला शाळेत ठेवलं, कारण त्या पगारावर दुसरी बाई मिळत नव्हती. मुलींच्या माना पुन्हा खाली गेल्या की नाही, ते मी बघितलं नाही. मी रांगेच्या पुढून चालायला लागले.

त्यानंतर एकदाच तुम्ही मला विचारलंत. पावसाळा सुरू झाला होता. तुम्ही हजेरीपट काढून बसला होता आणि मान वर न करता म्हणालात, "भागाबाई, कौशी शाळेत येताना कधी तुमच्याशी काही बोलली होती का?"

"नाही," मी म्हटलं.

तुम्ही मान हलवलीत आणि हजेरी पुढे मांडू लागलात. दार माझ्या तोंडासमोर उघडलं होतं, आणि मी ते हाताने लावलं. पुढे तुम्ही कधी विचारलं नाहीत.

मला वाटलं होतं, तुम्ही शाळेतली आसनं बंद केलीत. तुमची स्वतःचीही बंद केलीत, हे मला दुसऱ्या थंडीत कळलं, जेव्हा तुमचा दमा परत आला. वीस वर्षं तो तुमच्या जवळ फिरकला नव्हता. पहिल्या थंडीत खोकला, दुसऱ्या थंडीत धाप, मग जिना चढता येईना, मग वर्गात खुर्चीवरून शिकवू लागलात. शाळेला लागूनच्या तुमच्या खोलीत दुसरं माणूस नव्हतं, म्हणून मी येऊन-जाऊन करत होते. पेज करून देत होते, वाफारा देत होते. लोक म्हणतात, भागाबाईने बाईंचं केलं. केलं. ते का केलं ते मला माहीत आहे.

या पौषात डॉक्टर आले होते. म्हातारे डॉक्टर, तुमच्या वडिलांना ओळखणारे. ते म्हणाले, औषधाने हे जाणार नाही, तुम्ही पूर्वी करत होता ते श्वासाचं, आसनांचं थोडं थोडं सुरू करा. तुम्ही उशांना टेकून बसला होता. एकेक शब्द तोडत बोललात.

"ज्याने दुसऱ्याची मुलगी गेली, ते मी माझ्या श्वासासाठी करू?"

मी वाफाऱ्याचं भांडं धरून तुमच्यासमोर बसले होते. हातभर अंतरावर. तेव्हा जरी म्हटलं असतं की बाई, मुलगी त्याने गेली नाही, उपाशी होती म्हणून गेली, मला ठाऊक होतं, तरी कदाचित तुम्ही हात-पाय हलवले असते. कदाचित नसते. मी म्हटलं, पाणी निवलं, दुसरं आणते. आणि उठले.

तुम्ही दहाव्या दिवशी गेलात. दुपारची वेळ होती, भिंतीपलीकडे तिसरीच्या मुली पाढे म्हणत होत्या. डॉक्टरांनी दमा म्हटलं. मी कुणाला काही म्हटलं नाही.

तुम्ही असता तर मला क्षमा केली असती, असं नव्या बाई हे वाचून म्हणतील. म्हणू नका. द्वारकाबाईंनी मला कामावरून काढलं असतं, आणि ते बरोबर झालं असतं. क्षमा मागण्यासाठी मी हे लिहीत नाही. मेलेल्या माणसाकडे ती मागणं सोपं आहे, ते काही नाही म्हणत नाही. मी एवढ्यासाठी लिहिते की तुमच्या नावावर जे सांगितलं जातं, ते माझ्या नावावर सांगितलं जावं. द्वारकाबाईंनी शिकवलं ते योग्य शिकवलं. त्यांनी सांगितलं तेही योग्य सांगितलं. ते मुलींच्या घरापर्यंत पोचलं नाही, कारण मी पोचवलं नाही.

आणखी एक राहिलं. हे छापायच्या आधी कौशीच्या आईला सांगणं भाग होतं. तिच्या घरातली गोष्ट तिला न विचारता लोकांपुढे मांडायची, हे बरं नव्हे. म्हणून काल गेले. मागाचा आवाज आता पुन्हा सुरू झाला आहे. थोरला मुलगा आत विणत होता, ती ओसरीत चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. मी काय लिहिणार आहे ते सांगितलं. पोर उपाशी होती हे लिहावं लागेल, म्हटलं. तिचा हात थांबला नाही.

"नाव लिवता का?" तिने विचारलं. "पोराचं लगन हाये."

मी कबूल केलं, खरं नाव लिहिणार नाही. म्हणून इथे कौशी लिहिलं आहे. गल्लीतले लोक ओळखतीलच, पण बाहेरच्यांना कळायचं नाही. तुम्हाला खरं नाव माहीत आहे.

बराच वेळ ती कांड्या भरत राहिली. मग म्हणाली, "मागावर बसनाऱ्याले पयले खायले द्या लागते. सूत आलं असतं तं कोनं विनलं असतं?" मला त्यावर बोलायचा हक्क नव्हता.

मग तिने चरखा थांबवला.

"बाईले माईत होतं ना? पोरगी उपाशी होती म्हनून?"

"नाही," मी म्हटलं. "शेवटपर्यंत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. बाई, चार वर्षं ती तुम्हाला रस्त्यात बघून तोंड फिरवत होती. तुम्हाला वाटायचं, रागाने. मलाही तसंच वाटायचं.

"मले वाटे तिले माईत हाये," ती म्हणाली. "माह्या घराची इज्जत राहाव म्हनून बाईनं आपल्या अंगावर घेतलं, असं वाटे मले. तिच्या तोंडाकडे पाहाची हिंमत नाही झाली कधी. रोज दिवा लावताना तिचं नाव घेत होती मी."

आत माग चालू होता. तिने सुताचं टोक शोधलं, ते सापडेना, सापडलं तेव्हा दोनदा हातातून सुटलं.

"मावशी," ती म्हणाली, "हे नसतं सांगतलं तं चाललं असतं."

खरं आहे तिचं. चाललं असतं. चार वर्षं मी तेच चालवत होते. मी ओसरीवरून उठले, घरी आले आणि हे लिहायला बसले.